बीपी आईचं, बिघाड वारेत

स्क्रीनवर ट्रेमध्ये ठेवलेली, गर्द लाल, साधारण अर्ध्या किलोची जी दिसतेय ना, ती वार. बाळ झालं की थोड्या वेळात वार पडते, सिस्टर ती उलटीसुलटी करून पूर्ण आलीय का बघतात, कारण तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही, आणि मग तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण नऊ महिने बाळाचं फुफ्फुस तीच, किडनी तीच, आणि आईच्या रक्तात काय काय सोडायचं तेही बऱ्यापैकी तीच ठरवते.

आता मायक्रोस्कोपखाली बघा. या बारीक बारीक टोकांच्या आत बाळाच्या केशवाहिन्या आहेत, आणि बाहेरचा थर म्हणजे ट्रोफोब्लास्ट पेशी. सुरुवातीच्या महिन्यांत यातल्या काही पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, आईच्या अरुंद, पिळदार रक्तवाहिन्या गाठतात आणि त्या चांगल्या रुंद करून टाकतात. हे काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं, आणि तिथून पुढे प्रीएक्लॅम्प्सिया सुरू होऊ शकतो, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, वेळेत सावरलं नाही तर झटके येतात. शंभरातल्या २ ते ८ गरोदरपणांत हे होतं, आणि जगभरात दरवर्षी हजारो आया यात जातात.

पण वारेतल्या बिघाडाने आईच्या किडनीवर परिणाम का व्हावा? याचा मोठा धागा २००३ मध्ये बॉस्टनला सापडला. बेथ इस्रायल हॉस्पिटलमधले किडनीचे डॉक्टर अनंत करुमांची आणि त्यांच्या टीमने दाखवलं की आजारी वार एस-फ्लिट-१ नावाचं प्रोटीन भरमसाट सोडते. रक्तवाहिन्या वाढाव्यात आणि नीट राहाव्यात म्हणून शरीरात व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ हे सिग्नल फिरत असतात. एस-फ्लिट-१ त्यांना रक्तातच पकडून ठेवतं. पोस्टमनला गल्लीच्या तोंडाशीच गाठून सगळ्यांची पत्रं कुणी आपल्याच पिशवीत भरावीत, तसं. मग मेंदू, लिव्हर, किडनी सगळीकडच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर आजारी पडतं. टीमने हे प्रोटीन उंदरांच्या शरीरात वाढवलं तर त्यांचंही बीपी चढलं आणि लघवीतून प्रोटीन गेलं, गाभण नसलेल्या माद्यांचंसुद्धा! आणि कॅन्सरच्या पेशंटना व्हीईजीएफ अडवणारी औषधं देतात ना, बेव्हासिझुमॅब, सुनिटिनिब वगैरे, त्यांचे साइड इफेक्ट काय? बीपी आणि लघवीतून प्रोटीन. मला तर हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

आज आपल्याकडे बीपीच्या गोळ्या आहेत, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे, पण मुळावर उपाय एकच, डिलिव्हरी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात हे झालं तर आईला वाचवायला बाळाला फार लवकर बाहेर काढावं लागतं. म्हणून वारेलाच शांत करणारा रेणू सापडला तर किती जीव वाचतील बघा.

मेलबर्नच्या टीमने सिझेरियननंतर मिळालेल्या वारेच्या पेशी लॅबमध्ये वाढवल्या आणि त्यांच्यावर मेटफॉर्मिन घातलं, हो, आपल्या घराघरांत शुगरसाठी असतं तेच. पेशींनी एस-फ्लिट-१ सोडणं कमी केलं. मग केपटाउनजवळ प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या १८० बायकांवर ट्रायल झाली, सगळ्या २६ ते ३२ आठवड्यांच्या मधल्या. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं गरोदरपण साधारण १७.७ दिवस पुढे गेलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ७.९ दिवस. आकडा आशेचा आहे, पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, म्हणून कुणी घरच्या डब्यातली गोळी काढून घेऊ नका, प्लीज. ॲसिडिटीची इसोमेप्राझोल लॅबमध्ये अशीच चमकली होती, पण बायकांमध्ये तिचा फायदा दिसला नाही.

दुसरा रस्ता म्हणजे केमिकली बनवलेले आरएनएचे छोटे तुकडे. त्यांना कोलेस्टेरॉलची शेपटी जोडतात, ते वारेत जाऊन ‘एस-फ्लिट-१ बनवा’ हा जीनकडून पेशीला येणारा निरोप तेवढा बंद करतात, त्याच जीनपासून बनणाऱ्या मूळ प्रोटीनला धक्का लावत नाहीत. उंदरांमध्ये ते पिल्लांपर्यंत जवळजवळ पोचलेच नाहीत, आणि बबून माकडिणींमध्ये एका डोसने बीपी आणि लघवीतलं प्रोटीन दोन्ही उतरलं, हे २०१८ मध्ये छापून आलं. माकडिणी मोजक्याच होत्या, तरी वाचताना अंगावर काटा आला होता.

आणि त्याच २०१८ च्या जुलैमध्ये नेदरलँड्समध्ये एक ट्रायल मधेच थांबवावी लागली. पोटात वाढ खुंटलेल्या बाळांसाठी, वारेला जास्त रक्त मिळावं म्हणून आयांना सिल्डेनाफिल दिलं होतं, आणि काही बाळांना जन्मानंतर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास झाला, काही बाळं गेली. गरोदरपणात रक्तवाहिन्यांच्या सिग्नलला हात लावणं म्हणजे एकाच वेळी दोन जिवांना हात लावणं, त्यामुळे या कामाला वेळ लागतोय याचा राग धरू नये असं मला मनापासून वाटतं.

तोवर हाताशी आहे ती साधी ॲस्पिरिन. २०१७ च्या मोठ्या ट्रायलमध्ये जास्त धोका असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली, तर ३७ आठवड्यांआधी डिलिव्हरी करायला लावणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ही गोळी सगळ्यांसाठी नाही. पण आधीच्या खेपेला बीपी वाढलं असेल, जुळं असेल, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा, पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू करून तेवढा फायदा होत नाही.