शिवेवरचं भुंकणं

नमस्कार श्रोतेहो. सुगी उरकली की मेंढपाळ मेंढरं घेऊन आपल्याकडं रानारानात उतरतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कळप आणि कळपाच्या कडेनं दोन-तीन कुत्री. हा लवाजमा वेशीजवळ आला की गावातली कुत्री काय करतात, ते कधी नीट बघा. पाराखालचं उठतं, भुंकायला लागतं. पुढच्या गल्लीतलं त्याला साथ देतं. बघता बघता गाव दणाणतं. पण पाराखालचं कुत्रं जातं कुठवर? फार तर देवळाच्या कोपऱ्यापर्यंत. तिथून दुसऱ्याची हद्द. असं एकमेकांच्या हवाली करत ते पाहुण्यांना ओढ्यापार पोचवतात. मेंढपाळाचं कुत्रं तर बहुधा उलटून भुंकतही नाही. शेपूट खाली, नजर दुसरीकडं, चाल तशीच.

मी जनावरांचा डॉक्टर. लोक म्हणतात, कुत्र्याची जातच भांडखोर. मला तसं वाटत नाही. पुष्कळसं भुंकणं भांडण टाळायलाच असतं. उकिरड्यावर पोट भरणाऱ्या जनावराचा पाय मोडला, जखम चिघळली, तर त्याला खाऊ कोण घालणार? म्हणून ते लांबूनच ओरडून सांगतं, इथं मी आहे, तू तुझ्या वाटेनं जा.

विजेच्या खांबावर तंगडी वर करणं हाही त्याच व्यवहाराचा भाग. त्या वासावरून कोण येऊन गेलं, नर की मादी, मादी माजावर आहे का, हे कळतं. भाद्रपदात गोंगाट वाढतो तो याच पायी.

फाटकाची गंमत तर घरोघरची. आतलं आणि बाहेरचं कुत्रं गजांवर तोंड आपटत एकमेकांच्या जिवावर उठतात. फाटक उघडलं की कितीदा दोघंही गप्प, आणि लागले हुंगायला! साखळीचंही तेच. बांधलेल्याला जवळ जाता येत नाही, पळताही येत नाही, मग सगळा जोर गळ्यातून निघतो. अर्थात, एवढ्यावर भरवसा ठेवून फाटक उघडायला जाऊ नका.

लांडगा मोठा झाला की क्वचितच भुंकतो. एवढं भुंकणं कुत्र्यात आलं ते माणसाजवळ राहून, असं बरेच अभ्यासक मानतात. हंगेरीतल्या संशोधकांनी मुडी जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं रेकॉर्ड करून लोकांना ऐकवलं. 2005 साली ते छापून आलं. ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं, त्यांनाही रागाचं भुंकणं आणि एकटेपणाचं भुंकणं बऱ्यापैकी ओळखता आलं. जाड, घोगरं, भराभर, ते धमकावणं. बारीक आवाजात, थांबून थांबून, ते एकटं पडल्याचं. शेतातल्या आखाड्यावर राखणीला झोपणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. रानडुक्कर आलंय की शेजारचं कुत्रं, हे तो अंथरुणातूनच सांगतो.

खरी भीती भुंकणं थांबतं तेव्हा. अंग ताठ, मानेवरचे केस उभे, नजरेला नजर. अशा वेळी मधे हात घालू नका. जुंपलीच, तर लांबून बादलीभर पाणी फेका. चावलंच, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्या.

आणखी एक. गल्लीतली कुत्री पोत्यात घालून रातोरात दुसऱ्या गावच्या शिवेत सोडून येणारे काही शहाणे आहेत. 2023 च्या नियमांप्रमाणं नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून धरलं तिथंच सोडायचं असतं. परक्या हद्दीत टाकलेल्यावर तिथली सगळी तुटून पडतात, आणि तुमच्या गल्लीतली मोकळी जागा नवं कुत्रं येऊन धरतं. मग हद्दी पुन्हा ठरेपर्यंत रात्रभर भुंकणं तुमच्याच उशाशी.