स्नेल राउंडहँड: सांध्याची कारागिरी

पडद्यावर उमटणारा हा शब्द नीट पाहावा. अक्षरे उजवीकडे झुकलेली आहेत, खाली येणारी रेघ भरीव आणि वर जाणारी केसाइतकी बारीक आहे, आणि एका अक्षरातून निघालेली ती बारीक रेघ पुढच्या अक्षरात अशी मिसळते की सांधा शोधूनही सापडत नाही. या रोमन फॉन्टचे नाव स्नेल राउंडहँड. त्याचे खरे सौंदर्य त्या सांध्यात आहे.

इंग्लंडमधील लेखनशिक्षक चार्ल्स स्नेल यांनी १६९४ मध्ये एक कित्ता प्रसिद्ध केला. त्या काळी अशा कित्त्यांतील वळणे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जात, आणि पेढ्यांवरचे कारकून ती गिरवत. आपल्या बोरूची कत, म्हणजे टोकाचा छेद, तिरपी असते, त्यामुळे रेघेची जाडी बोरू कोणत्या दिशेने फिरतो यावर ठरते. राउंडहँड, म्हणजे हे जोडलेल्या गोलसर अक्षरांचे वळण, लिहिणाऱ्या पिसाच्या टोकदार लेखणीत मात्र ती हाताच्या दाबाने ठरते, कारण दाब पडला की टोक फाकते.

हे वळण छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे एकेका अक्षराच्या धातूच्या तुकड्यांत, उतरवणे फार अवघड होते. खिळ्याचे अंग चौकोनी आणि अक्षर तिरपे, म्हणून अक्षराचा काही भाग अंगाबाहेर लोंबत राही आणि तोच आधी तुटे. शिवाय खिळे झिजले की जोडरेषांमध्ये फटी दिसू लागत. पॅरिसचे मुद्राक्षरकार फर्मँ दिदो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिरप्या अंगाचे खिळे ओतून त्यावर एक उपाय केला.

या फॉन्टचे कर्ते मॅथ्यू कार्टर यांनी तरुणपणी नेदरलँड्समधील हार्लेमच्या एन्सखेडे मुद्रणालयात हाताने पोलादी ठसे कोरण्याचे शिक्षण घेतले होते, त्यामुळे धातूच्या या मर्यादा त्यांना हाताने ठाऊक होत्या. १९६५ मध्ये ते न्यूयॉर्कमधील मर्गेनथालर लायनोटाइप कंपनीत गेले. तेथे फोटोटाइपसेटिंगचे यंत्र अक्षराच्या फिल्ममधून प्रकाश पाठवून कागदावर अक्षर उमटवत असे. खिळ्याचे अंगच उरले नव्हते, म्हणून अक्षरे एकमेकांना मोकळेपणी भिडू शकत होती, आणि कार्टर यांनी स्नेल यांचे वळण नेमके याच यंत्रासाठी निवडले.

लिहिणारा हात पुढचे अक्षर ओळखून रेघ थोडी वर-खाली नेतो. फॉन्ट घडवणाऱ्याला ती सोय नसते. प्रत्येक छोट्या अक्षराची शेवटची रेघ ठरावीक उंचीवर, ठरावीक कलाने बाहेर पडली पाहिजे, आणि प्रत्येक अक्षराने तिला तेथेच झेलले पाहिजे, मग शेजारी कोणतेही अक्षर येवो. मराठी वाचकाला शिरोरेषेवरून हा प्रश्न ओळखीचा वाटेल; फरक इतकाच की शिरोरेषा आडवी आणि सरळ असते, तर येथे तिरपी, निमुळती रेघ सांधायची असते.

आज हा फॉन्ट अ‍ॅपलच्या संगणकांवर मिळतो, आणि इंग्रजी लग्नपत्रिकांना व मानपत्रांना तो शोभतो. मात्र शोभेसाठी अक्षरांमधले अंतर वाढवले की सगळे सांधे एकाच वेळी सुटतात. संपूर्ण शब्द मोठ्या (कॅपिटल) लिपीत लावला तर वेलांट्यांसारखे फराटे एकमेकांत अडकून शब्द वाचता येत नाही. पडद्यावरच्या या दोन ओळींपैकी खालच्या ओळीत अक्षरांमधले अंतर असे वाढवलेले आहे. वरच्या ओळीत कार्टर यांनी ठरवलेले अंतर तसेच ठेवले आहे.