सहापर्यंत मोजा

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड. फुगा दाबणारा हात, अगदी जवळून.)

हा हात पेशंटच्या भावाचा. दीड तास झाला, अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, त्याच्याकडेच आहे. वॉर्डात तिला फुगा म्हणतात. सिस्टरनी सांगितलंय: दाबा, सोडा, सहापर्यंत मोजा, परत दाबा. त्याचे ओठ हलतायत तो जप नाही, आकडे आहेत.

पेशंटच्या घशात ट्यूब आहे. हा मात्र आयसीयू नाही, सरकारी रुग्णालयाचा मेडिसीन वॉर्ड आहे. वरच्या मजल्यावर बेड रिकामा व्हायचाय आणि खाली व्हेंटिलेटर नाही. तोवर श्वास द्यायचा तो नातेवाइकांनीच, पाळ्या लावून.

(दृश्य: स्किल लॅब, डॉक्टरांची सरावाची खोली. रबरी पुतळा, लॅरिंगोस्कोप.)

खऱ्या पेशंटला ट्यूब टाकताना आम्ही कॅमेरा बंद ठेवला होता, म्हणून हा पुतळा. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात पाहायचं दिवा आणि पातं असलेलं अवजार, डाव्या हातात. पातं तोंडाच्या उजव्या बाजूने आत जातं आणि जिभेला डावीकडे सारतं. वर उचललं की दोन पांढुरक्या पट्ट्या दिसतात, ते स्वरतंतू. ट्यूब त्यांच्या मधून न्यायची. मग ट्यूबच्या टोकाजवळचं हवेचं कडं, त्याला कफ म्हणतात, ते सिरिंजने फुगवायचं, म्हणजे हवा बाजूने गळत नाही. मोठ्या माणसाला दातांपाशी 21 ते 23 सेंटिमीटरची खूण यायला हवी. त्याहून फार आत गेली तर ट्यूब उजव्या फुप्फुसाकडे उतरते आणि डावं उपाशी राहतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये टेबल हवं तेवढं वर घेता येतं. इथे खाट खाली, डोक्याशी लोखंडी कठडा, घशातला स्राव ओढून घेणारं सक्शन मशीन तीन खाटा पलीकडे. रेसिडेंट डॉक्टर वाकून, कधी गुडघ्यावर बसून ट्यूब टाकतात.

(दृश्य: मॉनिटरवरची लाट.)

ही लाट कॅप्नोग्राफची, थिएटरमध्ये चित्रित केलेली. बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तो मोजतो. ट्यूब चुकून अन्ननलिकेत गेली तर लाट टिकत नाही. नुसता स्टेथोस्कोप तिथे फसू शकतो. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत हे यंत्र आहे. या वॉर्डात नाही. (हे वाक्य आम्ही संकलनात दोनदा कापलं आणि दोनदा परत घातलं.)

29 देशांतल्या 2,964 गंभीर पेशंटांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला: ट्यूब टाकताना किंवा त्यानंतर लगेच 45 टक्के पेशंटांचा रक्तदाब कोसळणं, ऑक्सिजन घसरणं असं काहीतरी मोठं बिघडलं, 3 टक्के पेशंटांचं हृदय थांबलं. त्यातले बहुतेक तर आयसीयूतच होते.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र.)

कोपनहेगन, ऑगस्ट 1952. ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओची साथ. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येतच होते, आणि लोखंडी फुप्फुस म्हणतात ते श्वास देणारं यंत्र अख्ख्या रुग्णालयात एक. त्याच्या जोडीला छातीवर बसवायची सहा लहान यंत्रं. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या 31 जणांपैकी 27 जण तीन दिवसांत गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवायला लावली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी दिवसरात्र पाळ्यांनी पिशव्या दाबत बसले, महिनोन्महिने. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये इब्सेनने त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. आयसीयू जन्मला तो असा, हाताने फुगा दाबता दाबता. आपोआप फुगणारी अँबू बॅगही डेन्मार्कचीच, 1956 ची, होल्गर हेस्से आणि हेनिंग रुबेन यांनी केलेली.

ते दाबणारे वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी होते. त्यांना शिकवून बसवलेलं होतं.

(दृश्य: परत वॉर्ड. भावाचा चेहरा नाही, फक्त मनगट.)

सहा सेकंदांना एक श्वास, म्हणजे तासाला 600. झोप आली की आकडा चुकतो. घाबरला की हात वेगाने चालतो, छातीत हवा साठत जाते आणि रक्तदाब उतरतो. शेजारच्या खाटेवरच्या आजी मध्येच म्हणतात, "हळू रे बाळा."

(दृश्य: पहाटेचे चार. ट्रॉली.)

वर बेड मिळाला. ट्रॉली वॉर्डमामा ढकलतात, सिलिंडर सिस्टरच्या हातात, भाऊ फुगा दाबत बाजूने चालतोय. लिफ्टपाशी थांबतात. लिफ्ट चौथ्या मजल्यावर आहे.

तीन. चार. पाच. सहा.