लखोटा आणि आतली चिठ्ठी

मटसारखा टर्मिनलमधला, म्हणजे निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारा, ईमेल क्लायंट बसवणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. पत्रं वाचता येतात, फोल्डर दिसतात, कळा हाताखाली बसू लागतात. पण पहिलं उत्तर लिहून पाठवायची कळ ‘वाय’ दाबली की एक तर त्रुटी येते, नाहीतर काहीच येत नाही, जे जास्त वाईट. म्हणून आज पत्र वाचण्याबद्दल मी जवळजवळ काही बोलणार नाही. ते बाहेर कसं पडतं, तेवढंच बघू.

मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये मट लिहिला, तेव्हा तो स्वतः एसएमटीपी, म्हणजे पत्र सर्व्हरकडे पोचवण्याची ठरलेली भाषा, बोलत नसे. पत्र नीट बांधायचं आणि सेंडमेल नावाच्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचं, इथं त्याचं काम संपे. सेंडमेल हा एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलेला प्रोग्रॅम. युनिक्सच्या यंत्रावर तो असणारच, असं तेव्हा धरून चालत. आपल्या लॅपटॉपवर आज तो नसतो, आणि गोंधळ इथून सुरू होतो. पुढे मटमध्ये एसएमटीपीची सोय आली, ‘एसएमटीपी-यूआरएल’ एवढी एक ओळ लिहून काम भागतं. तरीही मी एमएसएमटीपी हा फक्त पत्र पाठवणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा बसवतो आणि मटच्या मांडणी-फाइलीतल्या ‘सेंडमेल’ या चलात (सेटिंगमध्ये) त्याचा मार्ग देतो. कारण सरळ आहे: तो मटशिवाय, एकटा तपासता येतो. बिघाड झाला की दोष पत्र लिहिणाऱ्याचा की नेणाऱ्याचा, हे पाच मिनिटांत कळतं.

आता मुख्य गोष्ट. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात एसएमटीपी मांडला, आणि त्यातला संवाद अजून तसाच आहे. क्लायंट आधी ‘मेल फ्रॉम’ म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो. मग ‘आरसीपीटी टू’ म्हणून घेणाऱ्याचा. मग ‘डेटा’. सर्व्हर ३५४ म्हणतो, म्हणजे ‘द्या’. क्लायंट सगळं पत्र ओततो आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब देतो. सर्व्हर २५० म्हणाला की पत्र त्याच्या ताब्यात गेलं.

लक्षात घ्या, पत्ते इथं दोनदा आले. पहिल्यांदा ‘मेल फ्रॉम’ आणि ‘आरसीपीटी टू’मध्ये, म्हणजे लखोट्यावर, आणि दुसऱ्यांदा पत्राच्या आत, ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ या शीर्षओळींत. सर्व्हर पत्र पोचवतो ते लखोटा वाचून. आतल्या ओळी माणसासाठी असतात. बीसीसी, म्हणजे इतरांना न दिसणारी प्रत, म्हणून तर चालते: ते नाव लखोट्यावर असतं, चिठ्ठीत नसतं.

हे मला कळायला एक पत्र गमवावं लागलं. माझ्या चिठ्ठीत ‘फ्रॉम’ बरोबर होतं, लखोट्यावर मात्र माझं लॉगिन-नाव आणि माझ्या यंत्राचं नाव, जे बाहेर कुणालाच ठाऊक नाही. पत्र सेवादात्याच्या सर्व्हरनं घेतलं. मी घेणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकलो होतो, त्यामुळे ते पुढे नाकारलं गेलं. ‘पोचलं नाही’ ही सूचना लखोट्यावरच्या पत्त्याकडेच परत जाते. माझी सूचना अस्तित्वात नसलेल्या ठिकाणी निघाली आणि तिथंच संपली. तीन आठवडे मी उत्तराची वाट बघत होतो आणि समोरच्या माणसावर मनातून रुसलो होतो. त्याला पत्र मिळालंच नव्हतं. मटमध्ये ‘यूज-एन्व्हलप-फ्रॉम’ हे चल चालू केलं की आतला पत्ता लखोट्यावरही लिहिला जातो. नाव टाइप करताना शब्द अंडरस्कोरनं जोडायचे. ही एक ओळ प्रत्येकाच्या फाइलीत हवी, असं माझं मत आहे.

दुसरा अडथळा पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दाराचा. २५ हे पोर्ट सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवघेवीचं. घरगुती जोडणीवर ते बहुधा बंदच असतं, त्याच्या नादी लागू नका. आपल्यासाठी ५८७ आणि ४६५. दोन्हीकडे टीएलएस, म्हणजे बोलणं कुलूपबंद करणारी व्यवस्था, आहे, पण सुरुवात वेगळी. ५८७ वर बोलणं उघडं सुरू होतं, सर्व्हर आधी २२० म्हणून स्वागत करतो, मग ‘स्टार्टटीएलएस’ म्हटलं की पुढचं कुलूपबंद होतं. ४६५ वर पहिल्या बाइटपासून कुलूप. आता तुम्ही पोर्ट ४६५ लिहिलंत, पण एमएसएमटीपीला ‘टीएलएस-स्टार्टटीएलएस ऑफ’ सांगायला विसरलात, तर काय होईल? क्लायंट स्वागताची वाट बघतो, सर्व्हर टीएलएसच्या पहिल्या निरोपाची. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, आणि पडद्यावर काहीच हलत नाही. लोक पासवर्ड बदलून बघतात, नेटला दोष देतात. जोडणी अशी गोठली की आधी पोर्टचा आकडा आणि ही स्टार्टटीएलएसची ओळ बघा. उलट चूक झाली, म्हणजे ५८७ वर थेट टीएलएस सुरू केलं, तर त्रुटी लगेच येते. ती चूक त्या मानानं बरी.

पासवर्डबद्दल थोडक्यात. तो फाइलीत उघडा लिहू नका. एमएसएमटीपीच्या ‘पासवर्डइव्हॅल’नं तो जीपीजी या सांकेतिकीकरणाच्या प्रोग्रॅमच्या कुलपातून काढून घ्या. लिहिलाच, तर फाइलीचे हक्क ६०० ठेवा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल, नाहीतर एमएसएमटीपी कामच करत नाही. त्याचा हा हट्ट मला फार आवडतो.

आणखी एक चल जपून वापरा: ‘सेंडमेल-वेट’. ते ऋण केलं की मट पत्र पार्श्वभूमीत सोडून मोकळा होतो, निकाल विचारत नाही. एमएसएमटीपीकडे पत्रांची रांग नसते; नेट नसेल तर तो तिथल्या तिथे नकार देतो. तो नकार ऐकायला कुणी थांबलंच नाही, तर पत्र गेलं असं तुम्ही समजत राहाल. मूळ शून्य तसंच राहू द्या.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सांगतो. चारसेट, म्हणजे अक्षरांची सांकेतिक पद्धत, हातानं लिहू नका. यंत्राची भाषा-मांडणी यूटीएफ-८ असेल तर मट ती स्वतः ओळखतो. विषयाची ओळ मात्र आरएफसी २०४७ प्रमाणे सांकेतिक रूपात जाते. तिच्या एका तुकड्याला ७५ वर्णांची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजायचे, म्हणजे बेस६४ मध्ये (बाइट साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत लिहिण्याच्या पद्धतीत) एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं मावतात. म्हणून कच्च्या पत्रात मराठी विषय दोन-तीन ओळींत तुटलेला दिसतो. तो बिघाड नाही, समोरचा क्लायंट तुकडे जोडून घेतो.

आता प्रत्यक्ष पाठवू. हे पत्र माझ्याच दुसऱ्या खात्यावर. ‘वाय’ दाबलं. पत्र तिकडे आलं, आता ‘एच’ दाबून सगळ्या शीर्षओळी उघडतो. ही ‘रिटर्न-पाथ’ बघा: हा आपला लखोटा, आणि त्यावर ‘फ्रॉम’मधलाच पत्ता आहे. आणि इकडे एमएसएमटीपीच्या लॉगमधली शेवटची ओळ: टीएलएस ऑन, ऑथ (ओळख-तपासणी) ऑन, एसएमटीपी-स्टेटस २५०.