हवालदारांचं दार

मंडळी, आज १२ जानेवारी. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात आपल्या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली. सकाळी आपण चार हुतात्म्यांना हार घालून आलो. हार घालायला सोलापूरकराला सांगावं लागत नाही. मी मात्र आज जिवंत परत आलेल्या एका सैनिकाच्या घराबद्दल बोलणार आहे. खरं तर त्याच्या संडासाबद्दल. हसा, पण ऐका.

आमच्या गल्लीतले हवालदार. मणक्याला मार लागला, कमरेखालची ताकद गेली. खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर १९७४ पासून अशाच जवानांसाठी चालतं. तिथं ते व्हीलचेअरवर जगायला शिकले. घरी आले आणि स्वतःच्याच तीन पायऱ्यांपाशी थांबले. चौघांनी खुर्चीसकट उचलून आत नेलं, टाळ्या पडल्या. पण बाहेर यायचं म्हणजे पुन्हा चौघं शोधा. आठ-पंधरा दिवस पोरं आली. मग ज्याची त्याची ड्यूटी सुरू झाली.

मंडळाच्या पोरांनी वर्गणीतले उरलेले पैसे काढून एका रविवारी सिमेंटचा उतार बांधला. चार फुटांचा. मी जन्मभर बांधकामावर सुपरवायझर. त्या दिवशी गावाला गेलो होतो असं सांगतो, पण खरं म्हणजे तिथंच चहा पीत उभा होतो. हिशोब साधा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, म्हणजे उतार १८ फूट हवा. आम्ही घसरगुंडी बांधली होती. हवालदार म्हणाले, "चढतो कसाबसा. उतरताना पॅराशूट द्या."

मग मी शहाणपणा केला. घराच्या बाजूला बोळ आहे, त्यातून लांब उतार काढून स्वयंपाकघराच्या दाराला लावू म्हटलं. हवालदार बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "साहेब, माझ्या घरात मी मागल्या दारानं येणार नाही."

शेवटी पुढच्या अंगणातच नऊ फूट जाऊन वळणारा आणि नऊ फूट परत येणारा उतार बसवला. तुळस सरकवली, उंबरा काढला. उंबऱ्यावरून त्यांच्या आईंशी तीन दिवस वाद झाला. आता त्या जागी जमिनीलगत पितळी पट्टी आहे आणि आई तिलाच हळदकुंकू वाहतात. शहाबादी फरशी ओली झाली की घसरते, म्हणून तिला छिन्नीनं टाकी मारून खरबरीत करून घेतली. मे महिन्यात लोखंडी कठडा हात लावू देईना, तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या शेजाऱ्यानं काठाच्या चिंध्या आणून त्यावर गुंडाळल्या.

एवढं झाल्यावर फोटो निघाले, नारळ फुटला. संडासाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. दार दोन फुटांचं, खुर्ची त्याहून रुंद. त्यातून दार आत उघडणारं. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाला अडणार. उताराला वर्गणी चटकन जमली. संडासासाठी पावती फाडायला पोरं लाजत होती. फीत कशाला बांधणार, कमोडला? पण हवालदारांना दिवसातून चार वेळा लाज वाटत होती, ती कुणी मोजली नव्हती. भिंत फोडली, तीन फुटांचं बाहेर उघडणारं दार लावलं, कमोड खुर्चीच्या उंचीला आणला. मला विचाराल तर खरं काम हे. उतार दुसऱ्या नंबरावर.

तरीही एक राहिलंच. विड्या वळणाऱ्या शेजारच्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "समदं चांगलं केलाव. पाणी आल्यावर बॅरल कुठं ठिवणार?" आमच्याकडे पाणी रोज येत नाही, हे सांगायला नको. घरातल्या वाटेत तीन बॅरल उभे राहिले की खुर्ची जागेवरच. एकाही इंजिनिअरला हे सुचलं नव्हतं, मलाही नाही.

बॅरल त्या बोळात गेले, मी जिथून हवालदारांना आत आणणार होतो तिथं. पाणी सुटतं त्या पहाटे हवालदार उतारावरून खाली येतात, नळी धरतात आणि फौजी आवाजात सगळ्या गल्लीला उठवतात.