चर्नी रोड: गवताच्या नावाचं स्टेशन

"पुढील स्टेशन, चर्नी रोड."

चर्चगेटहून निघालेल्या स्लो लोकलच्या डाव्या दारात उभे असाल, तर मरीन लाइन्स सुटल्यावर जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्र दिसतो. 1867 मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी आली, तेव्हा तो रुळांच्या कितीतरी जवळ होता.

नावात मात्र समुद्र नाही, गवत आहे. इंग्रजांनी 1838 मध्ये गुरांच्या चराईवर कर बसवला. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे 20,000 रुपये घालून ठाकुरद्वारजवळ कुरण घेतलं आणि गुरांना फुकट चरू दिलं, असं सांगतात. त्या चरणीचं झालं चर्नी. काहीजण म्हणतात, ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांनी हे नाव सोबत आणलं. मला आपली गवताची गोष्ट पटते. कारण पूर्वेचा जिना उतरलं की गिरगाव, आणि गिरगावच्या पोटात अजून एक गाव शिल्लक आहे.

खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या, कुटुंबांनी इथे घरं बांधली. गल्ली एवढीशी, की समोरून स्कूटर आली तर भिंतीला पाठ लावायची. लाकडी कठडे, बाहेरूनच माडीवर चढणारा जिना, गल्लीकडे तोंड केलेली पडवी. एकेकाळी अशी 65 घरं होती म्हणतात. आज निम्मीही नाहीत.

स्टेशनजवळच सरकारी छापखाना आहे. राजपत्रात नाव बदलून घ्यायला राज्यभरातून माणसं इथे उतरत आली. कागदांची पिशवी छातीशी धरायची, "प्रेस कुठं हो?" विचारायचं. आता अर्ज ऑनलाइन झालेत.

गंमत म्हणजे, आता खुद्द स्टेशनच नाव बदलायच्या रांगेत आहे. 'चर्नी रोड'चं 'गिरगाव' करा, असा ठराव विधिमंडळाने जुलै 2024 मध्ये केला आणि तो दिल्लीला गेला. इकडे जमिनीखालून मेट्रो आली, तिच्यासाठी इथल्या काही जुन्या चाळी पडल्या, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिने आपल्या स्टेशनावर 'गिरगाव' लावूनही टाकलं.

लोकलच्या डब्यात मात्र कुणी नवखा विचारतो, "गिरगावला कुठं उतरू?"

वर्तमानपत्रातून मान वर न काढता कुणीतरी सांगतं, "चर्नी रोड. पूर्वेला."