हात कुठून आला, कुठे चालला

(दृश्य: नर्सिंग कॉलेजची प्रयोगशाळा. दिवे मालवलेले. अतिनील दिव्याखाली विद्यार्थिनींचे हात.)

या मुलींनी आत्ताच हात धुतलेत. साबण लावून, घड्याळ बघून, चांगले चाळीस सेकंद. त्याआधी हातांना एक जेल चोळलं होतं. साध्या उजेडात ते दिसत नाही, या दिव्याखाली चमकतं. जिथे चमक उरली तिथे साबण पोचलाच नाही. बघा: अंगठ्याचं मूळ, नखांच्या कडा, बोटांची टोकं. एकीच्या अंगठीखाली तर अख्खं कडं उजळलंय. तळहात मात्र सगळ्यांचे स्वच्छ. ते धुवायला कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि नाडी बघायची, सलाईनसाठी शीर चाचपायची, ती बोटांच्या टोकांनीच.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा. मुली इथल्याच. घरात मराठी पेपर, वॉर्डात कोंकणी, पुस्तकं इंग्रजीत. शिक्षण संपलं की गोवा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. पुढे कुणाला आखात खुणावतं, कुणी एनक्लेक्सच्या, म्हणजे अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवून देणाऱ्या परीक्षेच्या, तयारीला लागतं. त्या परीक्षेत रुग्णसुरक्षा आणि संसर्ग नियंत्रणाला स्वतंत्र विभाग आहे. प्रश्न मात्र आडून येतात. चारही पर्याय बरोबरच वाटतात, आणि विचारलेलं असतं: आधी काय कराल?

इथे पाठ केलेली यादी उपयोगी पडत नाही. हाताचा माग काढावा लागतो.

(दृश्य: पणजीचं जुनं छायाचित्र.)

पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली १८४२ साली. आजच्या बांबोळीच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, ती पूर्वज. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८४७ मध्ये, व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने नेमका हाच माग काढला. शवविच्छेदन करून डॉक्टर थेट बाळंतिणींच्या वॉर्डात जात होते. त्याने मे महिन्यात क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण तिनाच्या आत आलं. जंतूंचा सिद्धांत तेव्हा कुणाला माहीत नव्हता. त्याला फक्त एवढं कळलं होतं, की हात तिथून इथे येतोय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिले. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर. हे चार कुणीही सांगेल. घोळ होतो तो पाचव्यात: रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना हात लागल्यावर. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, पेजेचा डबा ठेवलेलं बाजूचं कपाट. मुलगी सलाईनचा वेग कमी करते आणि शेजारच्या खाटेकडे वळते. थांबवलं तर म्हणते, “पेशंटला हात लावलाच नाही, मॅडम!” खरंच नाही लावला. पण पेशंटचे जंतू त्या स्टँडवर होते, आता ते तिच्या बोटांवर आहेत.

हातमोजे घातले की तर भीडच चेपते. त्याच मोज्यांनी ड्रेसिंग, त्यांनीच फोन, त्यांनीच दाराची कडी. मोजा काढताना मनगटाला जे लागतं ते वेगळंच. म्हणून मोजा उतरवला की हात धुवायचेच. सॅनिटायझरला वीस-तीस सेकंद पुरतात, पण हात नुसते दिसायला मळलेले असले तरी तो चालत नाही. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचा जुलाब असेल तर साबण-पाणीच हवं. त्याच्या बीजाणूंना अल्कोहोल काही करत नाही. परीक्षेतला हा हमखास प्रश्न.

(दृश्य: औषधांची ट्रॉली. रुग्णाच्या मनगटावरची पट्टी.)

आता हातात औषध आहे. ते कुणाचं?

गोव्याच्या वॉर्डात हा प्रश्न पुस्तकातल्यापेक्षा अवघड होऊन बसतो. एका खोलीत दोन नाईक, एक गावकर, एक गांवकर. त्यात दोघींचं नाव लक्ष्मी. “तुम्ही लक्ष्मी नाईक ना?” असं विचारलं, तर कमी ऐकू येणारी आजी कशालाही मान डोलावते. उत्तर तिच्या तोंडी घालायचं नाही. “तुमचें नांव कितें?” असं विचारायचं, तिला बोलू द्यायचं, मग पट्टीवरचा नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख जुळवायची. ओळखीच्या खुणा दोन हव्यात, आणि खाट क्रमांक ही खूण नव्हेच. दुपारी खाट बदलते, माणूस तोच राहतो.

(दृश्य: रंगीत बादल्या, सुयांचा पांढरा डबा.)

पिवळी, लाल, पांढरा, निळा. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतले हे रंग मुलींना झोपेतही पाठ असतात. तरी सुई वापरल्यावर टोपण परत लावायची सवय जाता जात नाही, आणि टोचते ती बहुधा तेव्हाच. सुई सरळ पांढऱ्या डब्यात जायला हवी, आणि डबा पाऊण भरला की बंद.

टोचलीच तर? बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात धरू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच सिस्टरना सांगा. सिस्टर ओरडतील म्हणून दोन दिवस गप्प राहणाऱ्या मुली असतात, आणि तेच दोन दिवस महागात पडतात. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हव्यात; ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. रुग्णाला एचआयव्ही असेल तर अशा टोचण्यातून लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. हेपटायटिस बी मात्र लस न घेतलेल्यांत शंभरात तिसापर्यंत जाते. म्हणून लसीचे तिन्ही डोस वॉर्डात पाय ठेवण्यापूर्वी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा, आणि तो रिपोर्ट जपून फाइलला लावा. परदेशात नोकरीला गेलात तर बहुतेक ठिकाणी तो मागतात.